हातांना काम, कामाला तारीख

लाटंबार्से, ता. डिचोली
नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. बाय,

तुझा भलामोठा मेसेज पोचला. एवढे सगळे उत्तर फोनवर बोटाने टिचत बसणे मला जमायचे नाही, म्हणून कागदावरच लिहिते आहे. शेजारची पोर फोटो काढून तुला पाठवील. अक्षर लागले नाही तर तुझ्या पपांना विचार, दादाला माझे अक्षर लागते.

तुझी तक्रार समजली. थोरलीला चित्रकलेचा क्लास लावला, धाकट्याला तबला, सुटीत दोघांना मातीकामाची कार्यशाळा. फी भरली, ने-आण केली. तरी घरी आली की दोघे दोन कोपऱ्यांत दोन पडदे घेऊन बसतात. आणि मग तू विचारतेस की आपल्या घरात सगळे मिळून एवढे काय काय करायचे, तर आजी-आबांनी नेमके केले तरी काय? ते लिहून पाठव म्हणतेस, जसे काही रव्याच्या लाडवांचे प्रमाण.

प्रमाण नाही गं. मुलांसाठी म्हणून आबांनी काहीच केले नाही. त्यांना आमच्या कलागुणांची काळजी नव्हती, चवथ तोंडावर आल्याची होती. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या रात्री गणपतीच्या वरची माटोळी बांधून झाली पाहिजे, सकाळी पाटावर गणपती बसला पाहिजे, आणि घरातली बाया-माणसे, पोरेटोरे धरून जेवढे हात आहेत तेवढ्यांतच सगळे उरकायचे आहे, इथून आमचे सुरू व्हायचे. तुझ्या मुलांना रंग आहेत, कागद आहे, शिकवायला माणसे आहेत. त्यांच्यावाचून अडेल असे काम मात्र त्या घरात एकही नाही. मला दिसते ते उणे एवढेच.

माटोळी तू जन्मापासून पाहते आहेस, पण टांगलेली. बांधताना तू लहानपणी दोन-चारदा पाहिली असशील, तुझ्या मुलांनी तर नाहीच. तुम्ही येता तोवर सगळे वर गेलेले असते आणि मुले खाली उभी राहून फोटो काढतात. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तयारी श्रावणातच सुरू व्हायची आणि ती डोळ्यांनी व्हायची. गुरांमागे गेलेला, शाळेला निघालेला, काजूच्या बागेत लाकडे आणायला गेलेला, जो तो कुठे काय धरले आहे ते बघून यायचा आणि रात्री पानावर बसल्यावर सांगायचा. ओहोळाकडे कवंडळाचा वेल चढलाय पण फळ अजून हिरवे आहे. टेकाडावर कुड्याच्या शेंगा लोंबतायत. शेरवडीची पांढरी पाने यंदा लवकर दिसायला लागली. घागऱ्या अजून वाळल्या नाहीत, हलवल्या तर वाजत नाहीत. आबा जेवता जेवता ऐकायचे आणि कोणी काय आणायचे ते तिथेच ठरायचे. माट्टल, कांगले, आंबाडे, फागले, ही नावे आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवली नाहीत. न शिकून चालणार नव्हते, कारण चुकीची फांदी आणली तर परत जावे लागे. वाघनखी काढून आणली की हात धुवायचे आणि तिच्या कंदाला हात लावायचा नाही, तो विषारी, हेही असेच कळले. वेलावरचे सगळे ओरबाडायचे नाही, दोन फळे बियांसाठी ठेवायची, हा नियम आबांचा नव्हता, त्यांच्या आईचा होता म्हणे.

मग केवणीची साल. झाड तोडायचे नाही, सरळ फांद्या घ्यायच्या, साल सोलायची, भिजत घालायची आणि तिचे दोर काढायचे. ते काम काकीकडे. काकीचा दोर इतका एकसारखा यायचा की तो बाजारचा नाही हे पटायचे नाही. हल्ली सुतळी वापरतात, प्लॅस्टिकची दोरीही पाहिली आहे. असो.

तयेच्या दुपारी माळ्यावरची लाकडी चौकट खाली यायची. ओल्या फडक्याने पुसून ती छातीच्या उंचीवर टांगायची आणि बांधायला सुरुवात. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड ही वजनदार मंडळी आधी, कारण चौकटीचा तोल त्यांच्यावर. मग तवशी, चिबूड, पडवळ, दोडके, तोरिंजन. रानातले नाजूक शेवटी. आता नीट ऐक, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. घरातले सर्वांत लहान पोर, ज्याचा हात चौकटीला पोचत नाही, त्याला आबा बरोबर खाली बसवायचे, जिथे दुसऱ्या दिवशी गणपतीचा पाट येणार तिथे. त्याचे काम वर बघून सांगायचे, कुठली बाजू झुकली. गणपतीला कसे दिसेल ते तिथूनच कळणार, उभ्या माणसाला ते कळत नाही. चार वर्षांचे पोर ‘डावीकडे खाली’ म्हणायचे आणि साठीचे आबा मुकाट्याने डावीकडचे तवसे सोडून उजवीकडे बांधायचे. ते लटके नव्हते. पोर खरेच बरोबर सांगायचे.

आम्ही सगळे त्या जागेवर बसून वाढलो. मग उंची वाढेल तसे काम बदलायचे: दोर हातात देणे, मग गाठ मारणे, मग काय कुठे शोभेल ते ठरवणे. पोराने मारलेली गाठ वाकडी असली तरी आबा ती पुन्हा मारत नसत, सुटत असेल तरच सांगत. एका वर्षी आरती रंगात आलेली असताना एक चिबूड थेट धाकट्या काकांच्या खांद्यावर आले. घुमट थांबले नाही, पण सगळे घर हसत होते. गाठ कोणाची ते सर्वांना ठाऊक होते, बोलले कोणी नाही. दुसऱ्या वर्षी ते पोर आपण होऊन काकीकडे जाऊन गाठ शिकले.

तू मात्र काय करतेस? तुझ्याच मेसेजमध्ये आहे. मुलीने वाढदिवसाला कागदी फुले केली, ती ‘नीट दिसत नव्हती’ म्हणून ती झोपल्यावर तू परत केलीस. ते तिला सकाळी कळले नसेल असे तुला वाटते. मुलांना कळते, बाय. आपल्या हाताने केलेले खऱ्या कामाला चालत नाही, खऱ्याचे मोठी माणसे बघतात, एवढे एकदा कळले की मूल पुन्हा हात घालत नाही. वाकडी फुले लावली असतीस तर पाहुण्यांचे काय बिघडणार होते? त्यापेक्षा आधी शेजारी बसून तूही फुले करायला घ्यायचीस. तुझी पाहून तिची सुधारली असती, नाहीतर तिची पाहून तुझी.

ज्याला काहीच येत नाही त्यालाही काम देण्याची सोय जुन्या माणसांनी करून ठेवली होती. घुमट आरतीत बघ. घुमट वाजवायला हात तयार लागतो, शामेळालाही. पण कासाळे, म्हणजे झांज, पोराच्या हातात देता येते. ते चुकले की सगळ्यांना ऐकू येते, म्हणून पोर कान टवकारून उभे राहते आणि ताल तिथे अंगात जातो. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे असायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गैर झाले आणि आता बकऱ्याचे लावतात. जुने लोक म्हणतात, तो नाद राहिला नाही. असेल. पण २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले ते बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटालाच धरून, आणि आज डिचोलीत पोरीसुद्धा घुमट वाजवतात, जे आमच्या वेळी चालत नव्हते. कातडे बदलले म्हणून वाद्य गेले नाही. घरातली प्रथा बदलताना एवढे घाबरायचे कारण नाही असे मला वाटते.

तुझ्या पपांविषयी एक गोष्ट सांगते, त्याने तुला कधी सांगितली नसेल. दादाच्या हातात कला नाही, असे आमच्या घरात त्याच्या लहानपणीच ठरून गेले होते. चित्र काढले तर गायीचे मांजर व्हायचे, सूर तर लागतच नसे. ‘हा हिशेबाचा,’ असे आबा चारचौघांत म्हणत, आणि कौतुकानेच म्हणत. दादाने पेन्सिल ठेवली ती कायमची. पण माटोळीचे सामान कुठे, कधी मिळते याची एक रेघी वही त्याने शाळेत असल्यापासून ठेवली होती. कुठला वेल कुठल्या कुंपणावर, कुठल्या आठवड्यात फळ रंग धरते, पाऊस लांबला तर किती उशीर, सगळे त्यात. आमची माटोळी गावात नावाजली गेली ती त्या वहीवर. आबांनी ती मांडली हे खरे, पण मांडायला आणले कोणी? खाणींनी डिचोलीकडचे डोंगर पोखरले तेव्हा त्या वहीतल्या किती नोंदी रद्द झाल्या तेही तिच्यातच लिहिलेले आहे. ही कला नव्हे असे म्हणणाऱ्याशी मी भांडेन. तेव्हा तुझ्या घरात थोरली ‘आमची चित्रकार’ आणि धाकटा ‘तबलजी’ हे जे तू पाहुण्यांसमोर म्हणतेस ना, ते बंद कर. नाव चिकटवले की थोरली तबल्याला हात लावणार नाही आणि धाकटा ब्रश धरणार नाही. दोघांना कोणीतरी तिसरेच व्हायचे असेल तर त्यांनी ते कुठे शोधायचे?

आता थोडे कडू. आपल्या घराचे तुझ्या मनात जे चित्र आहे त्यात सगळे मिळून हसत-खेळत बांधतायत. ते अर्धे घर. उरलेले अर्धे त्या वेळी स्वयंपाकघरात धुरात होते. आजी नेवऱ्यांना मुरड घालायची ती अशी बारीक की एका नेवरीवर किती घड्या पडल्या ते मोजायला आम्ही पैज लावायचो. तळणीतून काढताना एक घडी उकलायची नाही. माटोळीचे फोटो आहेत, आबांचे आहेत, आजीच्या मुरडीचा एकही नाही. कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत घरे भाग घेतात, भिंतीवर प्रमाणपत्रे लागतात, आणि त्यांवर बहुधा घरच्या कर्त्याचे नाव असते. पौषात बायका धालो नाचतात त्या मांडावर हीच आजी उभ्या उभ्या ओळी जुळवायची. समोरच्या ओळीने टाकलेल्याला तिथल्या तिथे उत्तर. आम्हाला वाटायचे ते जुने गाणे आहे. बरेचसे तिचे होते. कोणी लिहून घेतले नाही, मीसुद्धा शिकलेली असून नाही. तुझ्या घरी ‘मिळून काही करायचे’ असेल तर आधी बघ, त्या वेळी चहा कोण करते आहे. मुलाला पीठ मळायला बसव, मुलीला स्टुलावर चढून खिळा ठोकू दे, आणि तू स्वतः ओट्यापासून हल. नाहीतर मुले कागद कापतायत आणि आई त्यांना खायला करून देते आहे, एवढेच व्हायचे.

आणि स्पर्धेचे म्हणशील तर मला त्यात दोन्ही दिसते. स्पर्धेमुळे रानातली विसरलेली नावे परत आली, पोरे म्हाताऱ्यांना विचारू लागली, हे चांगले झाले. पण मग शेकड्यांनी जाती मांडायच्या, माटोळीतूनच हत्ती, मोर, देऊळ उभे करायचे, हे सुरू झाले आणि त्या आकड्यासाठी रान खरवडले जाऊ लागले. चवथीआधी डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात उभी राहा, म्हणजे कळेल. गावकरणी टोपल्या घेऊन बसतात, त्यांचे चार पैसे होतात, त्याला माझी हरकत नाही. पण सगळेच विकत आणायचे असेल तर मुलांना करायला काय उरले?

तू लिहितेस, ‘कलावंत घरात जन्माला येणे हे भाग्य.’ असेल. पण भाग्याच्या आत जरा डोकाव. मंगेशकरांचे घर घे, आपल्याच मंगेशीचे मूळ. लताबाईंनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे: मास्टर दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री शिकवत होते, मध्येच उठून बाहेर गेले. शिष्य चुकीचे गाऊ लागला तेव्हा बाहेर खेळणारी ही पोर आत आली आणि कसे म्हणायचे ते तिने म्हणून दाखवले. वडिलांनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिची तालीम सुरू केली. म्हणजे तोवर तिला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. गाणे घरात रोज होत होते आणि ते कानावर पडेल अशा अंतरावर ती खेळत होती. हे आपल्याला घेता येण्यासारखे आहे: मुलांना शिकवण्याआधी त्यांच्यासमोर आपण काहीतरी करत असायला हवे. तू शेवटचे कधी शिवलेस? जावईबापूंना मोत्यासारखे अक्षर आहे, ते शेवटचे कधी बोरू घेऊन बसले?

पण त्याच घराची दुसरी बाजूही मुलांना सांग. २४ एप्रिल १९४२ ला दीनानाथ गेले. पाच भावंडांतली थोरली लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती, आणि त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’ चित्रपटात तिला चेहरा रंगवून उभे राहावे लागले. तिला अभिनय आवडत नव्हता हे तिनेच सांगून ठेवले आहे. घर चालवायचे होते. घरची कला जेव्हा घरचे पोट होते तेव्हा तिचा कायदा निराळा. आपल्या शेजारच्या चित्रशाळेत हे मी जवळून पाहिले. आषाढापासून माती भिजत घालायची, खडा-काडी वेचून काढायची, तुडवायची, साच्यातून काढलेल्या अंगाला हात-सोंड जोडायची, पावसात वाळवायची हा तर रोजचा घोर. लोकांचे पाट येऊन भिंतीला लागलेले असायचे, प्रत्येकावर नाव. शेवटचा आठवडा त्या घरात कोणी धड झोपत नसे. मुलेही नाही. डोळे आखायचे काम म्हाताऱ्याचे, बाकी सगळ्यांचे. त्या पोरांना आपण काही ‘सर्जनशील’ करतो आहोत असे वाटत नव्हते, पाय दुखतात असे वाटत होते. त्यांतला एक पुढे पणजीच्या कला महाविद्यालयात गेला, बहीण नर्स झाली. दोघेही चवथीआधी रजा टाकून घरी येतात. नर्स बाई माती अशी मळते की भावाला जमत नाही. तिला कोणी मूर्तिकार म्हणत नाही, आणि तिला त्याचे काही नाही.

घराने धरून ठेवलेली कला बघायची तर सावंतवाडी ओलांडून कुडाळच्या अलीकडे पिंगुळी लागते. पुढच्या खेपेला मुलांना तिथे ने. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, ही सावंतवाडीच्या राजांच्या आश्रयाने वाढलेली कला. एकेक चित्र पुढे ठेवायचे आणि रामायण-महाभारतातले आख्यान गाऊन सांगायचे. सिनेमा आल्यावर रात्रभर ते ऐकणार कोण? परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली आणि २००६ मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्यात तिचे संग्रहालय मांडले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलेही त्याच कामात आहेत. कोणी पत्रिका छापून बोलावले नव्हते, गोठा मोकळा केला आणि सुरू केले. सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते असेच. हाताने रंगवणारे जवळजवळ संपले होते. सत्तरच्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून ते काम स्वतः शिकून घेतले आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. मला यात आवडते ते हे की त्यांनी नुसता पैसा दिला नाही, ब्रश हातात घेतला. आईबापांनी एवढे तरी करावे.

म्हणून माझे सांगणे असे की घरच्या कलेचे पोट करायचे की नाही ते मुले मोठी झाल्यावर ठरवतील. तू ते ठरवू नकोस, आणि करिअरच्या चष्म्यातून त्यांची चित्रेही बघू नकोस. थोरली उद्या सगळे सोडून लेखापाल झाली तर तुझी फी बुडाली असे समजू नकोस.

आणखी एक, भांडणे होतील. होऊ देत. आमच्याकडे शेरवड कुठे लावायची यावरून दोन काका जेवताना एकमेकांशी बोलले नाहीत. मिळून काम म्हणजे सगळ्यांची सगळ्याला संमती, असे काही नसते, अशाने कामच होत नाही. एका कामाला एकच शेवटचा शब्द हवा, आणि तो दर वर्षी एकाच माणसाचा नको. आबांनी हे फार उशिरा केले. हात थरथरू लागल्यावर. त्यांनी आपण होऊन केले असते तर घरातले दोघे-तिघे आणखी आठ-दहा वर्षे आधी तयार झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा यंदाचा आकाशकंदील कसा करायचा ते धाकट्याने ठरवायचे आणि तुम्ही तिघांनी त्याचे ऐकायचे. तो सात कोनांचा म्हणाला तर सात कोनांचा. उभा राहत नाही हे त्याला काड्या बांधतानाच कळेल.

पुण्यात माटोळी बांधू नकोस. विकतच्या फळांची फ्लॅटमध्ये टांगलेली माटोळी मला तरी बघवणार नाही. पुण्याचे स्वतःचे आहे ते घे. दिवाळीचा किल्ला! आमच्या घरी तो कधी नव्हता, आमची पोरे त्या दिवसांत नरकासुर बांधतात, बांबूला गवत आणि कागद लावून, आणि पहाटे जाळून टाकतात. किल्ला त्याहून धीराचे काम. दगड-विटा रचायच्या, पोती टाकायची, माती कालवून थापायची, बुरूज काढायचे, उतारावर हळीव पेरून चार दिवस पाणी शिंपडायचे म्हणजे वर हिरवळ. सोसायटीवाले चिखल होतो म्हणून कुरकुरतील, त्यांना तू सांभाळ, ते तुझे काम. माती आणून दे, पोती मिळवून दे आणि मग बाजूला हो. मला ठाऊक आहे, काही ठिकाणी आता बापच किल्ला करतात आणि पोरे शेजारी उभी राहून बघतात. बाजारात तयार किल्लेही मिळतात. जावईबापू इंजिनिअर आहेत, त्यांना मोह होईल. त्यांना आकाशकंदिलाच्या काड्या आणायला बुरूड आळीत पाठव.

आणि एक घरचा दिवाळी अंक काढा. हाताने लिहिलेला, एकच प्रत. मराठीत दिवाळी अंकाची चाल १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पाडली. त्यानंतर घरोघर, शाळेशाळेत हस्तलिखिते निघाली. मी शिकवायचे त्या शाळेतही निघत. त्यात मला एक दिसले: ज्या मुलांना निबंधात चार ओळी सुचत नाहीत ती अंकासाठी कोडी बनवतात, जाहिराती लिहितात, घरच्या आजारी म्हशीची बातमी देतात. कारण अंक लक्ष्मीपूजनाला घरी आलेले पाहुणे उघडून वाचणार असतात. वाचणारा आहे म्हटल्यावर लिहिले जाते. मुलांचे मराठी कच्चे आहे असे तू लिहितेस, असू दे कच्चे. शुद्धलेखन मी तपासणार नाही, आजन्म तपासले, आता कंटाळा आला. मुखपृष्ठ मात्र दादाकडून काढून घ्या. गायीचे मांजर झाले तर तेच छापून आले असे समजा.

झालेल्या वस्तू सगळ्या जपून ठेवू नकोस. फ्रीजवर, भिंतीवर, पेटीत, फोनमध्ये, मुलांनी ओढलेली रेघन्‌रेघ ठेवायची ही तुमची नवी सवय. माटोळी विसर्जनानंतर उतरायची. नारळ, केळी वाटायची, रानातले होते ते भाटात टाकायचे. मूर्ती पाण्यात जायची. कोणाला हळहळ वाटत नसे, कारण पुढच्या वर्षी परत करायचे असे. गेल्या वर्षीचे समोर नसले की यंदा काहीतरी वेगळे करून बघायला हात धजतो. एखाददुसरे ठेव. बाकीचे जाऊ दे.

कासारपालच्या कालिकेची जत्रा, सप्ताहातले भजन, शिमगा, तुळशीचे लग्न, इथे वर्षभर तारखा लागलेल्या असतात, म्हणून आम्हाला फार विचार करावा लागला नाही. तुला पुण्यात त्या तारखा स्वतः लावाव्या लागतील. चार पुरेत. पण लावल्यास की टाळू नकोस. शाळेची परीक्षा, ऑफिसचे काम, लग्नाचे आमंत्रण, सगळे त्या तारखेच्या आडवे येणार. एकदा टळली की मुलांना कळते की ही तारीख खरी नव्हती.

तूर्त पहिली तारीख मी देते. चवथ महिन्यावर आली आहे. आबा नाहीत, काकीचे डोळे अधू झाले आहेत, दादाला गुडघ्यांमुळे टेकाड चढवत नाही आणि मला स्टुलावर उभे राहवत नाही. चौकट माळ्यावरच आहे. यंदा तयेच्या रात्री पोचू नका. निदान तीन दिवस आधी या, रानात जायला दिवस मोकळा हवा, पाऊस असला तरी. मुलांना जुने कपडे आणि घट्ट पट्ट्याच्या चपला आण, जळवा असतात. धाकट्याला पाटाच्या जागेवर बसवायचे आहे, अजून वर्षभराने तो त्या कामाला मोठा होईल. शाळेचा रजेचा अर्ज आजच दे, आणि तिकिटे झाली की दादाला कळव.

सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या